पहिली हाक कोणाला

१

बोळिंजच्या म्हात्रे डिजिटल स्टुडिओत त्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा पडद्यावर गणपती आला नाही. रोज यायचा. त्याच्या जागी नुसता काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात थोडीशी पांढरी इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. हिरामण म्हात्रेंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, मग देवाचं नाव घेऊन पुन्हा केलं. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डिस्क गेल्याचं जाहीर केलं आणि फॉरमॅट मारायला मशीन दुकानात न्यायची तयारी चालवली. तेव्हा कुठे हिरामणना कार्मिन टीचरची आठवण झाली.

कार्मिन तुस्कानो विरारच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाली होती. वसईपासून विरारपर्यंत ज्यांनी ज्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्यांतल्या निम्म्यांनी तिची बोलणी खाल्ली होती. माणसांपेक्षा यंत्रं बरी, असं तिचं ठाम मत होतं, कारण यंत्र चुकलं तरी सबबी सांगत बसत नाही.

"हात लावू नकोस त्याला," ती दारातूनच म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो तिचा जुना विद्यार्थी होता, त्यामुळे वाद झाला नाही. पाच मिनिटांत तो आपली पिशवी घेऊन निघून गेला.

"टीचर, बाकी सगळं गेलं तरी चालेल," हिरामण म्हणाले. "लग्नांचे अल्बम गेले तर लोकांच्या शिव्या खाईन. पण ह्याच्यात रुक्मिणीकाकूंचे धवले आहेत हो."

रुक्मिणी वर्तक म्हणजे धवलारीण. इकडच्या जुन्या वाडीवाल्यांच्या लग्नात मांडव, हळद, नवरीची आंघोळ, प्रत्येक विधीला आपलं वेगळं गाणं, म्हणजे धवला असतो, आणि तो गाणारी बाई मांडवात भटजीच्याही वर हुकूम सोडते. रुक्मिणीने अर्ध्या तालुक्याची लग्नं अशी गाऊन लावली होती. हिरामण पोरसवदा असताना टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या मागे मागे फिरले आणि त्यांनी ते सगळे धवले भरून घेतले. पुढे ते कॉम्प्युटरवर चढवले. पुराच्या वर्षी दुकानात पाणी शिरलं आणि कॅसेटींचा लगदा झाला. दोन वर्षांपूर्वी रुक्मिणीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती फक्त कुजबुजू शकायची. येत्या रविवारी तिच्या नातीचं, अक्षदाचं लग्न होतं, आणि मांडवात आजीचाच आवाज स्पीकरवर लावायचा असं मुलाने, विद्याधर वर्तकांनी, ठरवलं होतं. तो आवाज जगात आता ह्या एका डब्यात होता.

"दुसरी कॉपी?" कार्मिनने विचारलं.

"करू करू म्हणता राहून गेली."

कार्मिनने नुसतं बघितलं. त्या बघण्याला कॉलेजात एकेकाळी दरारा होता. हिरामणनी मान खाली घातली आणि मग एकदम उचलली.

"हे माझ्याकडच्या मयूरचं काम आहे. काल सुट्टीवरून भांडला माझ्याशी. नालासोपाऱ्याच्या एका स्टुडिओत चाललाय म्हणे. जाता जाता माझा गळा कापून गेला. मी आज पोलिसांत जाणार."

कार्मिनचं लक्ष पडद्याकडे होतं. तिने मशीन बंद केलं, चालू करताना एक बटण दाबून धरलं. काळ्याऐवजी निळा पडदा आला आणि त्यावर दोन नावं. ती बराच वेळ त्या नावांकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसलं.

"हिरामणभाऊ, पोलिसांत नंतर जा. तुमची डिस्क गेलेली नाही. ह्या मशीनमध्ये कोणीतरी एक नवीन पाहुणा आणून बसवलाय, आणि तोही पहिल्या पाटावर."

२

"म्हणजे व्हायरस?" हिरामण म्हणाले.

"व्हायरस नाही. नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही." हे ती प्रत्येक वर्गात सांगायची आणि नंतर हमखास पुन्हा सांगायची. "मशीन चालू झालं की ते थेट तुमचा गणपती दाखवत नाही. आधी मदरबोर्डवरची एक छोटी चिप जागी होते. तिच्यात जे असतं त्याला फर्मवेअर म्हणतात. तिच्याकडे क्रम लावलेला असतो. आधी कोणाला हाक मारायची, तो नसेल तर कोणाला. हा क्रम डिस्कवर नसतो, मशीनच्या अंगातच असतो. इथवर कळलं?"

"कळलं," हिरामण म्हणाले. कळलं नव्हतं, पण भीती वाटत होती.

"आता कोणी ह्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल केली, तर ती गुपचूप कोपऱ्यात बसत नाही. ती त्या क्रमात आपलं नाव घालते, आणि घालते तेही सगळ्यांच्या वर. जुनी सिस्टिम जागच्या जागी असते, कोणी तिला पुसलेलं नसतं. फक्त हाक आधी नवीला जाते. तुमच्या इथे वरचं नाव लिनक्सचं आहे. कोणी टाकलं?"

"आमच्याकडे ते कोणाला येत पण नाय."

"एकाला येतं. निदान अर्धवट येतं." कार्मिनने खालच्या नावावर बोट नेलं आणि बटण दाबलं.

काळा पडदा गेला. गोल गोल फिरणारे ठिपके आले, आणि मग डोक्यावर मुकुट, हातात मोदक असा हिरामणांचा गणपती प्रसन्न होऊन समोर उभा राहिला. हिरामणांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी पडद्यालाच नमस्कार केला.

अल्बम होते. कळंबच्या किनाऱ्यावरची प्री-वेडिंग शूट्स होती. कोणाकोणाच्या बारशाचे व्हिडिओ होते. हिरामण एकेक फोल्डर उघडत "आहे, आहे" म्हणत चालले होते, आणि मध्येच थांबले. माऊस वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"टीचर," ते म्हणाले. "सगळं आहे. फक्त धवलेच नाहीत."

३

फोल्डर रद्दीच्या टोपलीत नव्हतं. दुसरीकडे कुठे हलवल्याची खूणही जुन्या सिस्टिममध्ये नव्हती. म्हणजे ते बाहेरून उचललं होतं, त्या पाहुण्याच्या दारातून. आणि पाहुणा स्वतः कुठे होता? कार्मिनने आतल्या दोन्ही डिस्क तपासल्या. त्याचं घर कुठेच सापडलं नाही. सापडला फक्त त्याचा दरवान, म्हणजे त्याला उठवणारा छोटा प्रोग्रॅम. मुख्य डिस्कच्या दर्शनी भागात तो बसला होता आणि आपल्या मालकाला शोधत काळा पडदा दाखवत होता.

तिने एवढं डोक्यात पक्कं केलं: कोणीतरी बाहेरची डिस्क ह्या मशीनला जोडली, तिच्यावर अख्खी सिस्टिम बसवली, तिच्यातून मशीनमधलं धवल्यांचं फोल्डर उचललं आणि डिस्क खिशात घालून गेला. आतल्या सिस्टिमला आपण हात लावलाच नाही, अशा भ्रमात. इन्स्टॉल करताना दरवान कुठे बसवायचा हे एका छोट्या चौकटीत विचारतात. बहुतेक लोक ती न वाचता पुढे जातात.

आदल्या दिवशी स्टुडिओ बंद होता. सगळे कळंबच्या बीचवर शूटला गेले होते. किल्ल्या हिरामणांकडे, मयूरकडे, आणि साउंड बघणाऱ्या जेन्सनकडे. "चौथी आमच्या घरी, वर, खुंटीला असते," हिरामण म्हणाले. स्टुडिओ तळमजल्याला आणि म्हात्र्यांचं घर त्याच इमारतीत वरती.

मयूरला मनवेलपाड्याहून बोलावलं. तो तोंड फुगवूनच आला.

"मी दुपारी कळंबवरून भांडून निघालो, सीधा घरी गेलो," तो म्हणाला. "इकडे आलोच नाय. आणि टीचर, मला ह्या मशीनवर काय करायचंय? माझा लॅपटॉप ह्याच्यापेक्षा फास्ट आहे. चोरायचंच असतं तर क्लायंटचे अल्बम नेले असते. तो नवीन स्टुडिओवाला खुश झाला असता. धवले घेऊन काय करू, माझं लग्न कोण लावतंय?"

बोलणं उद्धट होतं, पण त्यात चूक काढता येईना. ह्याचं कार्मिनला थोडं वाईटच वाटलं.

जेन्सन निवांत होता. पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप डोकावत होता, त्यावर फुटबॉलच्या क्लबांची स्टिकरं.

"मी आलेलो ना," तो म्हणाला. "बॅटरी घ्यायला. बाइक लावली, बॅटरी घेतली, निघालो. मशीनकडे बघितलं पण नाय. पण टीचर, एक बोलू? रेकॉर्डिंगची खोली एकदम गार होती. एसी आताच बंद केल्यासारखी. मला वाटलं मयूर येऊन गेला."

"बघितलंत?" हिरामण ओरडले. मयूर उभा राहिला. दोघांची जुंपणार, एवढ्यात हिरामणांची मुलगी रुचिता चहा घेऊन आली. बी.कॉम. झालेली, वेणीत मोगरा-अबोलीचा गजरा, चेहरा उतरलेला. अल्बमच्या याद्या ती मोबाइलवरच करायची. कॉम्प्युटर मागितला की हिरामण म्हणायचे, लग्नात घेऊ.

"पप्पा, मयूरला उगाच बोलू नका," ती म्हणाली. "आणि आतलं सगळं तसंच असणार. त्याला कोणी हात लावलेला नाय."

"तू गप. तुला काय कळतं त्यातलं?"

कार्मिनने चहाचा घोट घेतला. सकाळपासून ज्याने त्याने सगळं गेलं म्हणून कपाळ बडवलं होतं. हीच एकटी कशी काय इतक्या खात्रीने बोलत होती? तरुण मुलींना आशा फार असते, असं तिने त्या वेळी स्वतःला समजावलं. हे समजावणं आळशीपणाचं होतं, आणि ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

४

आगाशीच्या रस्त्याला वर्तकांची बाग होती. केळी, पानवेल, आणि कुंपणाला लागून मोगरा. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. विद्याधर वर्तक एका सरकारी खात्यात साहेब होते आणि घरातही साहेबासारखेच बोलत.

"मला रविवारच्या आत रेकॉर्डिंग पाहिजे," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगून बसलोय की आईचा आवाज लागणार. माझी ताई परदेशातून फक्त त्याच्यासाठी येतेय. टीचर, मी लहानपणापासून त्या आवाजावर झोपलोय हो. आता नुसता कानात घुमतो." शेवटच्या वाक्याला त्यांच्यातला साहेब कुठे तरी गेला. ते वळून बांबू मोजणाऱ्या गड्यावर उगाचच ओरडले.

रुक्मिणी पडवीत फुलं ओवत बसली होती. दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचा धागा, आणि बोटांना घाई अजिबात नाही. कार्मिन तिच्याजवळ खाली बसली. कुजबुज ऐकायला फार जवळ जावं लागायचं.

"काकू, तुमचे धवले गेले."

"ऐकलं," रुक्मिणी म्हणाली आणि पुढचं फूल उचललं.

"वाईट नाही वाटत?"

"आवाज जाऊन दोन वर्सं झाली. ह्यांना आता कळलं."

कार्मिन आणखी जवळ सरकली.

"मग रविवारी काय लावायचं?"

"लावायचं?" रुक्मिणीने हात थांबवला. "नवरी न्हायला बसली नि पानी गार झालं, म्हंजे परत तापवाय लागतं. तवर धवला थांबतो. गानारी बघते, थांबते, परत उचलते. तुमचा डबा कोनाला बघतो?"

"पण मग गाणार कोण?"

रुक्मिणी हसली. टोपलीत एक गजरा तिच्या हाताचा होता, फुलाला फूल लागून, गाठ दिसणार नाही असा. त्याच्या शेजारी दुसरा, ढिल्या गाठींचा, मध्ये मध्ये विरळ. कार्मिन त्याच्याकडे पाहतेय हे लक्षात येताच रुक्मिणीने केळीचं पान ओढून टोपली झाकली.

परतीच्या रिक्षात कार्मिनला चैन पडेना. जिचा आवाज चोरीला गेला ती बाई शांत, आणि ज्यांचं काही गेलं नाही ते रडत होते. ह्याचा एकच अर्थ होत होता, आणि तो तिला पटत नव्हता. चोराने चोरी मालकिणीला सांगून केली होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. विद्याधरनाही फोन केला. ते आले, आणि त्यांच्या मागोमाग, न बोलावता, रिक्षातून रुक्मिणीही उतरली.

"मयूर, जेन्सन, तुमच्या खिशातल्या डिस्क द्या," कार्मिन म्हणाली. "ज्याने हे केलं, त्याच्यापुढे एक पंचाईत आहे. त्याने सिस्टिम स्वतःच्या डिस्कवर बसवली, पण तिचा दरवान चुकून ह्या मशीनमध्ये राहिला. आणि तिला पहिली हाक मारायला शिकलंय तेही हेच मशीन. म्हणजे ती डिस्क दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला लावली, तर कोणी तिला हाकच मारणार नाही. इथे लावली की लगेच उठेल. आपण लावून बघू."

मयूरने डिस्क टेबलावर आपटली. कार्मिनने ती जोडली, मशीन चालू केलं. सगळे पडद्यावर वाकले. काळं. पांढरी अक्षरं. लुकलुकणारी रेघ.

"बोललो होतो," मयूर म्हणाला.

जेन्सनची डिस्क. पुन्हा काळं. हिरामणांच्या कपाटातल्याही सगळ्या डिस्क लावून झाल्या. पाहुणा काही उठला नाही. विद्याधरनी घड्याळ पाहिलं. हिरामणांचा चेहरा पडला. टीचरचा हिशेब चुकला, असंच सगळ्यांना वाटलं.

कार्मिन खुर्चीत मागे टेकली. ती हरली असं तिला वाटत नव्हतं. दोन शक्यता कटल्या, एवढंच. आणि आता तिला तो प्रश्न पडला, जो पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. स्वतःचं मशीन असलेला माणूस अख्खी सिस्टिम खिशात का बांधेल? मयूरला लॅपटॉप, जेन्सनला लॅपटॉप. त्यांना जे करायचं ते त्यांनी घरी केलं असतं. दुसऱ्याच्या मशीनवर असा संसार तोच थाटतो, ज्याला स्वतःचं मशीन मिळत नाही.

दारात कपांची किणकिण झाली. रुचिता चहा घेऊन आली होती.

"अजून एक सांगते," कार्मिन सगळ्यांकडे बघून, मुद्दाम सावकाश बोलली. "ज्याच्याकडे ती डिस्क आहे, त्याने ती दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला लावू नये. लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही. ते म्हणतं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा. एकदा 'हो' दाबलं की रुक्मिणीकाकूंचा आवाज गेला."

मयूरने खांदे उडवले. जेन्सनने "बापरे" म्हणून कप उचलला. ट्रे मात्र हवेतच थांबला.

"आणि कॅन्सल केलं तर?" रुचिताने विचारलं. "कॅन्सल केलं तर आत सगळं राहतं ना, टीचर?"

कोणालाच ह्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. कार्मिनने तिच्या वेणीकडे पाहिलं. गजरा आजही होता, केळीच्या सोपटात ओवलेला, ढिल्या गाठींचा.

"राहतं," ती म्हणाली. "ट्रे ठेव, बाळा, आणि वर जाऊन घेऊन ये."

६

डिस्क रुमालात गुंडाळलेली होती. रुचिताने ती टेबलावर ठेवली आणि बापाच्या नजरेला नजर न देता उभी राहिली. हिरामण खुर्चीतून अर्धवट उठले.

"तू? तू मशीनला हात लावलास?"

"बोलू दे तिला," कार्मिन म्हणाली. "थांब, आधी मी सांगते. चुकलं तर टोक. परवा सगळे कळंबला गेले. खुंटीची किल्ली घेऊन तू खाली आलीस. मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्या डिस्कवर सिस्टिम बसवलीस, म्हणजे पप्पांच्या मशीनमध्ये काही राहायला नको. रेकॉर्डिंगच्या खोलीत एसी लावलास. जेन्सनची बाइक ऐकली आणि सगळं बंद करून वर पळालीस. संध्याकाळी मशीन चालू करून बघायची तुझी हिंमत झाली नाही. काल सकाळी काळा पडदा आला तेव्हा तुला वाटलं, आतल्या सिस्टिमला तर मी शिवलेच नाही, मग असं कसं. म्हणून तू सारखी म्हणत होतीस, आतलं सगळं तसंच असणार. ही डिस्क कुठे लावून बघितलीस?"

"मनवेलपाड्याच्या सायबर कॅफेत. काल संध्याकाळी. ते फॉरमॅट मागायला लागलं. मी घाबरले नि काढून घेतली." तिचे डोळे भरून आले. "टीचर, मी फक्त माझ्या डिस्कवर केलं. व्हिडिओमध्ये तसंच दाखवलेलं. पप्पांच्या सिस्टिमला मी काहीच केलं नाय."

"सिस्टिमला नाही केलंस. तिच्या पुढे जाऊन बसलीस," कार्मिन म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण जमलं नाही. वर्गात अशी एखादी मुलगी असती तर तिने तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं, आणि तिचा राग खरं म्हणजे रुचिताला न मिळालेल्या त्या बाकावर होता. "आणि मयूर दोन दिवस चोर ठरला, तेव्हा गप्प बसलीस. ते चुकलंच."

"हो," रुचिता म्हणाली. "सॉरी, मयूर."

मयूर गोंधळला. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाची सॉरी ऐकल्यावर होते तशी त्याची अवस्था झाली. हिरामणांनी घसा खाकरला आणि त्याचा कप स्वतः उचलून त्याच्या हातात दिला. त्यांच्याकडून माफी मागण्याचा ह्याहून मोठा प्रकार होणार नव्हता.

"पण धवले का नेले?" विद्याधर पुढे आले. "कॉपी करायची होती तर करायची. उचलून का नेलेस? माझ्या घरचं लग्न आहे, कळतं का तुला?"

रुचिताने रुमालाची घडी घातली. उत्तर पाठीमागून आलं, इतकं हळू की सगळ्यांना श्वास रोखून ऐकावं लागलं.

"मी सांगितलं."

विद्याधर वळले. रुक्मिणी स्टुलावर बसली होती, जिथे बारशाची बाळं फोटोला बसवतात.

"आई, तू?"

"वर्स झालं पोर येते. फुलं ओवते नि शिकते. मी तोंड हालवते, ती म्हनते. चुकली की मी मांडीवर मारते." रुक्मिणी दम घ्यायला थांबली. "तू डबा लावनार बोलला. मी नको म्हटलं. तुला ऐकायला आलं नाय. मग तिला बोलले, काढून आन तिकडनं. लग्न झालं की ठेव परत."

"अगं पण ते तुझ्यासाठीच होतं!" विद्याधरांचा आवाज चढला. "तुझा आवाज लागावा म्हणून. ही काल शिकलेली पोरगी तुझ्या जागी बसवू? अक्षदाच्या लग्नात? टीचर, ती डिस्क चालू होते का बघा. मला रेकॉर्डिंग पाहिजे, बस."

कार्मिनने डिस्क जोडली आणि मशीन चालू केलं. ह्या वेळी काळा पडदा क्षणभरच दिसला. लुकलुकणारी रेघ गेली, जांभळट रंग पसरला, आणि मध्यभागी एक नाव उमटलं, 'रुचिता'. दरवानाला मालक सापडला होता. जेन्सनने शीळ घातली. एका खोलीत बसून केलेला आपला तर्क असा डोळ्यांसमोर खरा झाला, ह्याचा कार्मिनला मनापासून आनंद झाला, आणि तो तिने लपवला नाही.

"आहेत," ती म्हणाली. "एकूण एक आहेत."

हिरामण मटकन खुर्चीत बसले. विद्याधर टेबलाला रेलले. "लावा," ते म्हणाले. "कुठलाही लावा."

रुचिता काहीतरी सांगायला पुढे झाली, पण कार्मिनने बटण आधीच दाबलं होतं. सगळ्यात वर जे दिसलं ते तिने लावलं.

नवरीच्या आंघोळीचा धवला होता. आवाज नाकातून यायचा तसा, सावकाश, ओळीच्या शेवटी हेलकावा घेऊन थांबणारा, आणि पाणी अंगावर पडायची वाट पाहिल्यासारखा पुन्हा उचलणारा. विद्याधरांनी हाताने तोंड झाकलं. खांदे हलू लागले. साहेब लहान मुलासारखे रडत होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"आई," ते म्हणत होते. "हाच. हाच आवाज. हा मी मरेपर्यंत विसरणार नाही."

ज्यांनी ते धवले स्वतःच्या हातांनी भरले होते, त्या हिरामणांनीही मान डोलावली. "काकू त्या वेळी अशाच गायच्या."

रुक्मिणी नाही नाही अशी मान हलवत होती. तिने हात उचलून बोट केलं, कॉम्प्युटरकडे नव्हे, त्याच्या बाजूला.

"काका," रुचिता म्हणाली. "हा माझा आहे. आजींच्या आवाजाशी ताडून बघायला परवा इथे भरला. आजींचे खालच्या फोल्डरमध्ये आहेत."

गाणं चालूच होतं. विद्याधरांनी रुचिताकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांनी डोळे पुसले आणि ज्या हाताने पुसले तोच हात रुचिताच्या डोक्यावर ठेवला. कार्मिनने खुर्ची मागे सरकवली. ह्या खोलीत आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

"मग रविवारी स्पीकर आणू की नको?" जेन्सनने विचारलं.

"माईक आन," रुक्मिणी म्हणाली. "आनि पोरीला बसायला पाट."